सात गडांचा पट आणि घाटमाथ्यावरची आक्का

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. एका राज्यातले लोक म्हणे जेवणावाचून एक दिवस काढत, पण सोंगट्यांच्या पटावाचून अर्धा दिवससुद्धा नाही. राजा दरबार उरकून पट मांडी, प्रधान त्याच्याशी मुद्दाम हरे, आणि हे राजा सोडून सगळ्यांना ठाऊक असे. सुगी संपली की कोंबड्यासुद्धा अंगणातल्या सोंगट्या चुकवून चालत. मुलांनो, आणि ऐकत नसल्याचं सोंग घेऊन मागे बसलेल्या मोठ्यांनो, असे खेळवेडे तुमच्या घरातही असतील, म्हणून ही गोष्ट सांगतो.

राज्याच्या मधोमध एक उभा घाट होता. घाटाच्या पायथ्याशी खेळकऱ्यांची पेठ. तिथे पट शिवले जात, सोंगट्या कातल्या जात, कवड्या घासून गुळगुळीत केल्या जात. पेठेतून निघालेली गाडी माथ्यावर पोचली की बैलांच्या तोंडाला फेस येई. माथ्यावर एक लांबलचक दगडी डोण होती. बैल पाणी पिऊन दम खाईपर्यंत गाडीवाल्यांना तिथे थांबावंच लागे. त्या डोणीत पाणी भरायचं काम एका बाईकडे होतं. तिला सगळे आक्का म्हणत.

आक्का पाणी भरायची पोटासाठी आणि खेळायची जिवासाठी. पेठेतला प्रत्येक नवा पट आधी तिच्यापुढे मांडला जाई. तिची एक रीत होती. नवा पट ती तीनदा बघायची. एकदा जिंकून, एकदा हरून, आणि एकदा दुसऱ्या दोघांना खेळायला बसवून, बाजूला मुकाट बसून. आणि प्रत्येक डाव शेवटच्या घरापर्यंत. जिंकल्यावर कुठलाही खेळ गोडच लागतो, असं ती म्हणायची. हरल्यावरसुद्धा ज्याचा पट परत मांडावासा वाटतो, तोच खेळ खरा.

तीन डाव झाले की ती मत द्यायची, आणि ते ऐकायला गाडीवाले बैल जुंपायचे थांबत. एका पटाबद्दल ती म्हणाली होती, "गेल्या सालचाच हाय ह्यो. किनार तेवढी बदललीया." दुसऱ्या एका पटात जास्त सोंगट्या विकत घेणाराच नेहमी जिंके. त्यावर तिने फक्त एवढंच म्हटलं, की हा खेळ नाही, हा बाजार आहे. गाड्या घाट उतरून चारी दिशांना जात आणि मालाबरोबर आक्काचं मतही जाई. ती हो म्हणाली की पट हातोहात खपे. ती नाही म्हणाली की तो पट पोरांच्या पतंगाच्या शेपट्यांना जाई.

आता पेठेत एक मोठा शेठ होता. त्याच्या कारखान्यात शंभर माणसं राबत. किनार बदललेला तो पट त्याचाच. तोंड पोळलेला शेठ ताक फुंकून प्यायला शिकला. त्याने दोन वर्षं एका नव्या पटाचा डंका पिटला. गावोगाव चित्रांचे पडदे फिरवले. पडद्यावर सात गड, गडांवर हत्ती, हत्तींवर अंबाऱ्या. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, सात गडांचा पट, येत्या जत्रेत.

आक्का वेडीच झाली. दोन वर्षं तिला दुसरं काही सुचेना. ती डोणीच्या काठावर कोळशाने गड काढून बघे. हत्ती कितव्या घरात अडेल, सातव्या गडावर काय असेल, याचे तर्क ती येईल त्या गाडीवाल्याला ऐकवी. अहो, बैलसुद्धा तिच्याकडे मान वर करून बघायला लागले होते.

जत्रेला पंधरा दिवस उरले असताना एका दुपारी पेठेतला म्हातारा कातारी घाट चढून आला. लाकूड कातून सोंगट्या करणारा हा एकटा माणूस. सात वर्षं खपून त्याने स्वतःचा एक पट बनवला होता आणि गोणपाटात गुंडाळून आणला होता. यंदाच्या जत्रेत हा पट चालला नाही तर कातायचं चाक विकावं लागेल, असं त्याने आक्काला खाली मान घालून सांगितलं. आक्काने त्याला पाणी दिलं आणि तीन डाव नक्की खेळते म्हणाली.

तो गाठ सोडतोय तेवढ्यात शेठचा कारभारी पेटी घेऊन आला.

पेटी उघडली आणि आक्का पुढे वाकली. पितळेचे हत्ती, सोंड हलणारे. रेशमी पट. आणि पहिल्या गडाचा दरवाजा तर दोरी ओढली की खरोखर वर उचलला जाई. कारभाऱ्याने पहिला गड मांडला. आक्का खेळली. काय तो डाव! हत्तीने दरवाजाला धडक दिली तेव्हा ती जागेवरून उठून उभी राहिली. गाडीवाले एकमेकांच्या खांद्यांवरून वाकून बघत होते. गड पडला आणि माथ्यावर एकच आरोळी उठली.

पुढचे सहा गड कुठे आहेत, असं तिने विचारलं. कारभारी गोड हसला. ते जत्रेतच उघडायचे, शेठजींची तशी इच्छा आहे, पण आपलं मत आजच मिळालं तर उपकार होतील, असं तो म्हणाला. आक्काला तीन डाव आठवले नाहीत. शेवटचं घर आठवलं नाही.

"असा पट जन्मात झाला न्हाई," ती म्हणाली. "डोळं मिटून घ्या."

मग तिची नजर बाजूला बसलेल्या काताऱ्याकडे गेली. त्याच्या पटावर ना रंग, ना रेशीम. सोंगट्या म्हणून काळ्या आणि पांढऱ्या लाकडाच्या साध्या गाड्या तेवढ्या. ती हसून म्हणाली, "बाबा, हत्ती बघितल्यावर ह्या लाकडांकडं कोण बघंल?" सगळे हसले. कातारीही थोडा हसला, कारण अशा वेळी माणसाला दुसरं काही करता येत नाही. त्याने गोणपाटाची गाठ पुन्हा मारली आणि तो घाट उतरून गेला.

जत्रा भरली. सात गडांच्या पटासाठी रांगा लागल्या. काताऱ्याच्या पालासमोर लोक थांबत, आक्काचं वाक्य एकमेकांना सांगत आणि हसत पुढे जात.

आठव्या दिवशी जत्रेहून परतणारी पहिली गाडी माथ्यावर आली. गाडीवाल्याने बैलसुद्धा सोडले नाहीत. त्याने रेशमी पट आक्कापुढे टाकला. दुसऱ्या गडाचा दरवाजा दोरी ओढून उघडतच नव्हता. तो उघडायला किल्ली लागे, आणि ती शेठकडच्या लाखबंद पुड्यांत मिळे. पुडीत कधी किल्ली निघे, बहुतेकदा फुटाणे. गाडीवाल्याने बैलांच्या पेंडीचे पैसे पुड्यांत घातले होते. एवढं करून तिसऱ्या गडावर पोचावं, तर तिथे कोरं रेशीम. त्यावर खडूने लिहिलेलं, काम चालू आहे. शेठ म्हणत होता की तिसरा गड दिवाळीला येईल आणि उरलेले होळीला.

"फुटाणं तेवढं बरं हायेत," गाडीवाला म्हणाला. "पण आक्का, तू म्हणालीस म्हणून डोळं मिटून घेतला गं."

तिला शेठचा राग यायला हवा होता. आलाही. पण त्याच्या दसपट स्वतःची लाज वाटली. शेठने तिला खोटं काही सांगितलं नव्हतं. त्याने एक गड दाखवला होता, आणि सात गडांची ग्वाही तिने दिली होती. तिने हळूच विचारलं, की त्या म्हाताऱ्या काताऱ्याचं काय झालं. एकही पट गेला नाही, असं गाडीवाला म्हणाला. घाटापलीकडचा चाकं करणारा सुतार चार दिवसांनी त्याचं कातायचं चाक न्यायला येणार होता.

आक्काने घागर गाडीवाल्याच्या हातात दिली आणि ती तडक घाट उतरली. बारा वर्षांत पहिल्यांदा.

कातारी दारात बसून चाकाला तेल लावत होता. विकायची वस्तूही नीट असावी, असा त्याचा स्वभाव. आक्का म्हणाली, पट मांड. तो म्हणाला, आता कशाला? कीव करायला आली असशील तर परत जा.

"कीव करायला न्हाई आले," आक्का म्हणाली. "तीन डाव देणं लागते तुझं. मांड."

आता नीट ऐका, कारण हा खेळ मोठा झकास होता. पटावर एकच वाट, घाटाची. एकाच्या काळ्या गाड्या, दुसऱ्याच्या पांढऱ्या, चढताना एकमेकांत मिसळलेल्या. माथ्याजवळ वाट रुंद होते तेवढा पट्टा सोडला, तर कुणालाही ओलांडून पुढे जाता येत नाही. पुढची गाडी अडली, तर आपलं दान देऊन तिला ढकलावं लागतं, मग ती शत्रूची का असेना. ढकलली नाही तर आपण अडकतो, आणि फार ढकलली तर तोच आधी माथ्यावर पोचतो. बस्, एवढंच. पण एवढ्यातच सगळं होतं.

आक्का पहिला डाव सपाटून हरली. ढकलायचं नाही म्हणून हटून बसली आणि तिच्याच चार गाड्या वाटेत कुजल्या. तिने पट परत मांडला. दुसऱ्या डावात ती उदार झाली, आणि म्हातारा तिच्याच ढकलण्यावर माथा गाठून गेला. आक्का पोट धरून हसली. अजून जिंकून बघायचं राहिलंच होतं, म्हणून आणखी एका डावाला तिने पदर खोचला. शेवटच्या वळणावर दोघांची एकेक गाडी उरली, पुढे म्हाताऱ्याची काळी, मागे तिची पांढरी. कवड्या हातात घेऊन ती इतका वेळ बसली, की काताऱ्याने तिला पाणी विचारलं. तिने ढकललं, फक्त एक घर. पुढच्या दानात माथ्याजवळचा रुंद पट्टा आला, वाट मोकळी झाली, आणि तिची गाडी आधी पोचली. एव्हाना आळीतली माणसं दाराशी जमली होती. मग दोन शेजाऱ्यांना बसवून ती बाजूला मुकाट बसली. दोघांचं वर्षभर बोलणं नव्हतं. डाव संपेपर्यंत ते एकमेकांशी भांडायला लागले होते, म्हणजे निदान बोलत तरी होते. आक्काचे डोळे भरून आले. एवढी चांगली गोष्ट आपण हसण्यावारी नेली, हे तिला सोसवेना.

पट घेऊन ती माथ्यावर आली आणि येईल त्याला सांगू लागली. पण कुणी मान वर करीना. एकजण सरळ म्हणाला, की हत्तीच्या वेळीही तू असंच उभी राहून सांगत होतीस. त्याचं खरंच होतं.

तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी सकाळी घाटापलीकडचा सुतार रिकामी गाडी घेऊन माथ्यावर आला. भोवती दहा-बारा गाडीवाले होते. आक्का सगळ्यांपुढे उभी राहिली.

"मी एक गड खेळले आन् सात गडांचं मत दिलं. ज्याचा पट मांडलाच न्हाई, त्याला हसले. चूक माझी हाय. आता माझं मत कुणी मागू नका. बैल पाणी पितायत तवर एक डाव खेळा, एवढंच म्हणते."

तिने पट मांडला आणि ती घागर घेऊन निघून गेली. सुताराला वेळ काढायचाच होता. तो बसला, समोर एक गाडीवाला बसला. बैलांचं पाणी पिऊन झालं, रवंथ करून झाला, एक बैल तर कंटाळून झोपला. कुणी उठेना. मागून आलेल्या गाड्यांची रांग दुसऱ्या वळणापर्यंत गेली, आणि ओरडायला पुढे आलेले लोक डाव बघत तिथेच उभे राहिले. सुतार हरला. त्याने पट परत मांडला. दुसऱ्यांदा हरल्यावर त्याने विचारलं, हा पट कुणी केला?

"ज्याचं चाक न्यायला तुम्ही निघालात, त्यानं," घागर भरून परतलेली आक्का म्हणाली.

सुताराने हातातली काळी गाडी उलटीसुलटी करून बघितली. तो स्वतः चाकं करणारा होता. एवढंसं चाक इतकं गोल कातायला कसला हात लागतो, ते त्याला सांगावं लागलं नाही. तो उठला, बैल जुंपले आणि घाट उतरू लागला. त्याच्या मागे बाकीच्या गाड्याही वळल्या. काताऱ्याच्या दारात पोचल्यावर सुतार म्हणाला, "चाक राहू द्या बाबा. पट द्या. आन् गाड्यांची चाकं कातायला माणूस हवा असंल, तर मी थांबतो."

त्या वर्षी काताऱ्याचं चाक एक दिवसही थांबलं नाही. शेठचे रेशमी पट लोकांनी परत नेऊन त्याच्या दारात टाकले. पुढच्या जत्रेत तो आठ गडांचे पडदे घेऊन आला, तेव्हा लोकांनी आधी आठवा गड मांडून दाखवायला सांगितलं.

आणि आक्काला? तिला पुढं वर्षभर कुणी मत विचारलं नाही. ती पाणी भरत राहिली, खेळत राहिली, हरत राहिली, आणि तिने कुणाला दोष दिला नाही. वर्षाने एका गाडीवाल्याने नवा पट तिच्यापुढे ठेवून विचारलं, कसा आहे? पहिलीच चाल इतकी देखणी होती, की आक्काचे डोळे लकाकले. तोंडाशी आलेलं वाक्य तिने गिळलं, आणि त्याला बैल सोडून समोर बसायला सांगितलं.

बोध: आरंभावर भाळून ग्वाही देऊ नये आणि साधेपणा बघून हसू नये, शेवटपर्यंत अनुभवावं, मगच मत द्यावं.