खडखडणारं सुकाणू

"आता यात काय कमी आहे, ते तरी सांगा नाखवा!"

हरेश्वरने हातातली पटाशी वाळूत रोवली. सकाळपासून तिसऱ्यांदा त्याने होडीचं सुकाणू जोडलं होतं.

म्हाताऱ्या धाकू नाखवांनी दांडा हळूच इकडून तिकडे फिरवला. सुकाणूचा गोल खांब मागच्या फळीतल्या भोकात अलगद फिरला. मध्ये केससुद्धा शिरला नसता.

"छान," नाखवा म्हणाले. "अगदी छान. काढ."

हरेश्वरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिन्यामागे जुना खांब चिरला, तेव्हापासून होडी वाळूवर उन्हात वाळत पडली होती. नवा खांब त्यानेच तासला होता. एवढा सफाईदार हात त्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

उद्या त्याच्या बहिणीचं, जमनाचं, लग्न होतं. वऱ्हाड याच होडीतून खाडीपलीकडे जायचं होतं. बहिणीला आपल्या हाताने पैलतीरी पोचवायचं, एवढीच त्याची हौस. पण नाखवांच्या होडीची रीत ठरलेली. ज्याने बसवलेलं सुकाणू नाखवांना पसंत पडेल, त्यालाच त्यावर बसायला मिळायचं.

"छान आहे, तर काढू कशाला?"

नाखवा होडीच्या सावलीत बसून बोटातली चांदीची अंगठी ओढू लागले. ओढली, पिळली, थुंकी लावली, शेवटी दात लावून पाहिले. अंगठी तसूभर हलेना.

"नाखवा, मी काय विचारतोय..."

"लग्नात म्हातारीने घातली ना, तेव्हा अगदी छान बसली होती रे."

हरेश्वरला हसू फुटलं. मग त्याची नजर त्या सुजलेल्या बोटावरून कोरड्या खांबाकडे गेली. खांबावरून भरतीच्या पाण्याकडे...

त्याने मुकाट्याने सुकाणू उतरवलं.

स्वतःचं इतकं सुबक काम पुन्हा तासायला घेताना त्याचा जीव तीळतीळ तुटला. खांब थोडा बारीक केला, भोक घासून मोकळं केलं. परत जोडून दांडा हलवला, तर खडखड, खडखड!

पलीकडे जाळी सांधणाऱ्या बायका हसायला लागल्या.

"हरेश्वर, वरातीत ताशा पण तूच वाजवणार काय रं?"

तो कानापर्यंत लाल झाला.

नाखवांनी दांडा हलवून पाहिला. ती खडखड ऐकून त्यांचं तोंड आनंदाने उघडंच राहिलं.

"घाल पाण्यात."

दुपारच्या भरतीला होडी पाण्यात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वऱ्हाड चढलं. नवऱ्या मुलीला मधोमध बसवलं, शिडाला झेंडूची माळ बांधली. हरेश्वरने भीतभीत दांड्याला हात लावला...

आवाज नाही. लाकडाने पाणी पिऊन हवं तेवढं अंग धरलं होतं. दांडा दोन बोटांनी फिरत होता. आनंदाने त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि त्याने ते पुसलंही नाही.

"नाखवा, मी... बसू?"

नाखवा नवी टोपी सावरत तडक पुढच्या टोकाला गेले. सुकाणूकडे पाठ करून बायकांमध्ये ऐसपैस बसले.

शीड भरलं. होडी निघाली. जमना मागे वळून भावाकडे पाहून हसली.

खाडीच्या मध्यावर वारा एकाएकी फिरला. हरेश्वर गडबडला.

"नाखवा, वाळूच्या पुळणीच्या अंगाने घेऊ, की सरळ काढू? जरा मागे बघा ना!"

नाखवांनी मागे पाहिलंच नाही. वऱ्हाडाच्या टोपलीतला एक लाडू उचलला, निम्मा तोंडात टाकला.

"मी आज वऱ्हाडी आहे. मला कशाला विचारतोस?"