टिटवीने न गाळलेला धडा

माणसांनी शाळा काढायच्या कितीतरी आधीची गोष्ट. नदीकाठच्या जांभळाखाली टिटवी रानातल्या पिलांना शिकवायची. झाडाची सावली आणि पिलांचा दाणा, दोन्ही कोल्होबा राजांच्या मर्जीवर.

एकदा कोल्होबा म्हणाले, "बाई, दाणा दुप्पट करतो. फक्त तो पाऊलखुणांचा धडा गाळा. राजाची पावलं चिखलात काढून दाखवता, हे शोभतं का?"

टिटवी म्हणाली, "महाराज, तो धडा गाळला, तर पुढच्या वर्षी शिकायला उरेल कोण?"

झालं! दाणा बंद झाला आणि शाळा जांभळाखालून हाकलली गेली.

"बाई, आता बिनछपराची शाळा भरवणार कुठे?" एका पिलाची आई साळुंकी रडकुंडीला आली.

"अगं, आम्ही टिटव्या अंडीसुद्धा उघड्यावरच घालतो. आम्हाला घरटं होतं कधी?"

दुसऱ्या दिवशी नदीच्या ओल्या वाळूत शाळा भरली. प्रत्येक आई चोचीत एकेक दाणा घेऊन आली. पोटं भरली नाहीत, पण एकही पिल्लू घरी राहिलं नाही.

दुपारी कोल्होबा दबकत वाळूवर आले. मागच्या रांगेतलं पिल्लू ताज्या पावलांकडे बघून ओरडलं, "बाई, आज धडा स्वतःच चालत आलाय!"

आणि सगळा वर्ग भुर्रकन उडाला.