एक राणी आणि चार पोथ्या

ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही.

तिथल्या तरुण राजाला आपल्या आईचा चेहराही ठाऊक नव्हता. तो पाळण्यात असताना नदीला महापूर आला. राणी दिवसभर बंधाऱ्यावर दोर धरून उभी राहिली. त्या दोराला धरून अख्खं गाव वर आलं, आणि शेवटी राणीच वाहून गेली. तो दिवस चौघांनी चार पोथ्यांत लिहून ठेवला होता.

राजाने आईची मूर्ती घडवायला एका म्हाताऱ्या मूर्तिकार बाईला बोलावलं. तिने पोथ्या मागितल्या.

राजाचा लेखनिक मोठा हुशार, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. "चार-चारदा तेच दळण कशाला?" असं म्हणून त्याने चौघांत सारखं होतं तेवढंच ठेवलं, बाकीचं गाळलं आणि एक सुबक पोथी करून दिली.

महिन्याने राजा मूर्ती पाहायला आला. समोरून ती उभी दिसली. मागे गेला, तर नुसता दगड.

"आजी, असं का?"

"महाराज, या पोथीत त्या उभ्या राहिल्या एवढंच कळतं. कशा, ते कळत नाही."

राजाने त्या दगडावरून हात फिरवला. "म्हणजे आई मला दिसणारच नाही?"

 लेखनिक धावत गेला, जुन्या चारही पोथ्या घेऊन आला आणि स्वतःच वाचू लागला.

पहिली पोथी सेनापतीची. तो समोरच्या काठावर होता. त्याला राणीची करारी नजर दिसली होती. नावाड्याने पाण्यातून तिची ताठ पाठ पाहिली होती. वैद्याने भर पुरातच तिचा दोराने सोललेला डावा खांदा बांधला होता. आणि सुईण अगदी तिच्याजवळ उभी होती. तिने लिहिलं होतं, 'राणीसाहेब दिवसभर पुटपुटत होत्या. मला वाटलं, प्रार्थना असेल. कान देऊन ऐकलं, तर अंगाई होती. बाळ महालात एकटं होतं ना.'

लेखनिकाने शेवटची पोथी मिटली. म्हातारीने छिन्नी उचलली.

मूर्ती पुरी झाली तेव्हा राजा तिच्याभोवती हळूहळू फिरला. नजर, पाठ, खांदा. मग किंचित उघड्या ओठांपाशी थांबला आणि त्याने तिथे कान लावला.  लेखनिकाने आपली सुबक पोथी स्वतःच्या हातांनी नदीत सोडली.

मोठं सत्य एकाच्या डोळ्यांत मावत नाही. म्हणूनच धर्मग्रंथांतही एकच हकिकत अनेकांच्या तोंडून येते.