साळवणचा ओ देणारा कडा

साळवणच्या पंचायत कचेरीमागे जो काळा कडा उभा आहे, त्याला पुरुषाने हाक मारली तर ती परत येत नाही. पाहुणे हटकून ओरडून बघतात. आवाज दगडात जिरतो आणि संपतो. बाईने स्वतःचं नाव घेतलं, तर मात्र कडा ओ देतो. असं का, ते गावच्या अनसूया मावशी पायरीवर बसून सांगतात. त्यांना त्यांच्या सासूने सांगितलं, सासूला तिच्या सासूने.

संस्थानी अंमल होता तेव्हाची गोष्ट म्हणे. आता कचेरी आहे तिथे चावडी होती. दाद मागायची रीत ठरलेली: कोतवालाने फिर्यादीच्या नावाचा तीनदा पुकारा करायचा, त्याने ओ द्यायची, मग पंचांनी ऐकायचं. तीन हाकांत ओ आली नाही, तर फिर्याद बुडाली. पण बाईचं नाव चावडीत उच्चारत नसत. तिच्या फिर्यादीला तिच्या नवऱ्याचा पुकारा होई.

भिवराचा नवरा सखोबा साप चावून गेला. कड्याखालची भाताची तीन खाचरं दोघांनी दगड वेचून वेचून तयार केली होती. तेरावा उरकला आणि दुसऱ्या दिवशी दीर रावजीने त्यात नांगर घातला. म्हणाला, "लेकीला, ठकूला घिऊन म्हायेरला जा. बाईच्या नावानं जमीन कुठं असती व्हय?"

भिवरा चावडीवर गेली. कोतवालाने ओट्यावर उभं राहून आरोळी दिली, "सखोबा कृष्णाजी, हाजीर हो!"

भर उन्हात मेलेल्या माणसाला बोलावत होते, आणि पंच खरोखरच त्याची वाट बघत बसले होते. दुसरी हाक झाली. तिसरी झाली. न राहवून तिनेही वळून वाटेकडे पाहिलं.

"ओ न्हाई," पंचांच्या मधोमध बसलेले दौलू पाटील म्हणाले. "फिर्याद बुडाली."

"मी हाय की हितं उभी!"

कुणी मान वळवली नाही.

पाणवठ्यावर विचारलं तेव्हा कळलं, अशा फिर्याद बुडालेल्या आणखी पाचजणी आहेत. एकीचा नवरा तर जिवंत होता. पण फिर्याद त्याच्याच मारझोडीची होती, त्याने ओ दिलीच नाही. भिवरा तशीच कड्याखाली गेली. दगडाला कपाळ लावून नवस बोलली, "या बायांची ओ चावडीत पोचू दे. बदल्यात माझा आवाज घे." दगड तापलेला होता, पण कपाळाला तो गार लागला असं सांगतात.

मग दोन वर्षं ती दारोदार फिरली. जात्यापाशी, लावणीच्या बांधावर, जिथे बाई सापडेल तिथे. "तुजं नाव काय?"

"रामाची बायकू."

"त्ये न्हवं. तुजं."

मग बाई इकडेतिकडे बघे आणि एखादी चोरलेली वस्तू दाखवावी तसं हळूच नाव सांगे. या फिरण्यापायी भिवराच्या झोपडीचं छप्पर गावातल्या पुरुषांनी दोनदा उतरवलं. दोघीतिघींनी घरी मार खाल्ला. एकदा ती गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईकडे गेली. सगळे तिला आत्याबाई म्हणत. आत्याबाई बराच वेळ आठवत राहिल्या, मग म्हणाल्या, "न्हाई गं आठवत. कुणी हाकच मारली न्हाई. पर मी येते."

भिवराने पुन्हा फिर्याद घातली. त्या दिवशी दुपारी एकवीस जणी खुरपी टाकून कड्याखाली येऊन उभ्या राहिल्या. कोतवालाने सखोबाचा पुकारा केला. भिवरा ओरडली, "ओ! मी भिवरा!" तिच्यामागोमाग एकेकीने आपलं नाव घेतलं. आत्याबाई तेवढ्या गप्प होत्या.

वारा पडला. गोठ्यातली गुरं कान टवकारून उभी राहिली. आणि कडा बोलू लागला. घाईने नाही, सावकाश, एकामागून एक नावं आली. आधी या बायांची, त्यांच्याच आवाजात. मग ज्या तिथे नव्हत्या त्यांची. कोतवालाच्या आईचं आलं, ती प्लेगात गेलेली. पाटलांच्या बहिणीचं आलं. तिने विहिरीत उडी घेतली त्याला वीस वर्षं झाली होती. पाटील उठून उभे राहिले. शेवटी "हौसा, हौसा" अशी हाक आली. ही हौसा कोण, कुणालाच ठाऊक नव्हतं.

आत्याबाईंनी दगडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ओ."

"भिवराच्या नावाचा पुकारा कर," पाटील कोतवालाला म्हणाले.

"भिवरा, हाजीर हो!"

भिवराने तोंड उघडलं. आवाज आला नाही. नवस तिला तेव्हा आठवला. दुसरी हाक झाली. ती गळा धरून उभी होती. रावजी हसला. तिसरी हाक होताच मागच्या एकवीस जणी एकदम म्हणाल्या, "ओ!" आणि त्यांच्या डोक्यांवरून, कड्याच्या पोटातून, भिवराचा आवाज आला. स्वच्छ, जवळून.

पंचांनी फिर्याद ऐकली. लहानग्या ठकूने आईच्या वतीने सगळं सांगितलं. तीन खाचरं भिवराच्या नावावर झाली. त्यानंतर ती तीस वर्षं जगली, पण बोलली नाही. त्या चावडीत पुन्हा मेलेल्याचा पुकारा झाला नाही.

आजही साळवणची ग्रामसभा बायांनी कड्यासमोर आपापली नावं घेतल्याशिवाय सुरू होत नाही. कायदा आता मुलीला वाटा देतो, पण भाऊ एक साडी देऊन बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतातच. तसं कळलं, की गावचं महिला मंडळ तिला आधी कड्यापाशी आणतं. आपलं नाव तिथून ऐकलेली बाई सही करत नाही. गेल्या महिन्यात एकीला भावांनी परस्पर जीपमध्ये बसवून सहीसाठी तालुक्याला नेलं, तेव्हा मावशी आणि चाळीस जणी एस.टी.ने मागोमाग गेल्या. तिथल्या कचेरीच्या दारात शिपायाने त्यांना अडवून मोजलं. मावशी धरून एक्केचाळीस व्हायला हव्या होत्या, बेचाळीस भरल्या. तो पुन्हा मोजायला लागला, ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता अशा एकीच्या तोंडाकडे बघून थांबला आणि म्हणे, दारातून बाजूला झाला.