अळणी बुरूज

आडबंदरच्या धक्क्यावरून होडीत बसले की वीस मिनिटांत पाणकोट येतो. त्याला कोट म्हणायचे ते जुन्या सवयीने. तट तीन बाजूंनी ढासळलेला, दरवाजाची कमान केव्हाच समुद्रात गेलेली, सदरेच्या जोत्यावर रान माजलेले. बघण्यासारखा उरला आहे तो पश्चिमेचा एकच बुरूज. उघड्या दर्याच्या लाटा थेट त्याच्यावरच येतात, तरी सगळ्यात आधी पडायला हवा होता तोच सरळ उभा आहे. कमरेपर्यंत काळा दगड आणि तिथून वर तांबडा जांभा, असे त्याचे दोन रंग लांबूनही दिसतात. त्याला अळणी बुरूज म्हणतात.

होडी हाकणारे लाडू तांडेल सत्तरी ओलांडलेले आहेत. गाव त्यांना लाडूआजो म्हणते. होडी खडकाला लागली की कोणाला खाली उतरू देण्याआधी ते मडक्यातले पाणी प्रत्येकाच्या हातावर ओततात. शहरातून आलेली मंडळी मोबाइल सरसावून उभी असतात, त्यांना ते दटावतात.

"आदी पाणी पिया. मगे काय ते फोटू काढा."

तहानेला ते तान म्हणतात; ती नाही म्हटले तरी सुटका नाही. घोटभर तरी प्यावे लागते. मग बुरजाच्या सावलीत बसून ते ही हकीकत सांगतात. त्यांनी ती आपल्या आज्याकडून ऐकली, आज्याने त्याच्या आज्याकडून. मूळ सांगणारा कोण, ते विचारू नये.

कोट बांधायला घेतला तेव्हा बेटावर गोड्या पाण्याची विहीर लागली नव्हती, असे सांगतात. तीन ठिकाणी खणले, तिन्ही ठिकाणी खारेच लागले. तेव्हा प्यायचे पाणी किनाऱ्यावरच्या झऱ्यातून घागरी भरून होडीने यायचे आणि चुन्याचे पाणीही तिथूनच; ते बेटावरच्या हौदांत साठवायचे. शिंपले भाजून केलेला चुना दगडी घाणीत मळायचा, त्यात गोडेच पाणी घालायचे. खारे पाणी पडले की चुना दिसायला घट्ट होतो, पण आतून भुसभुशीत राहतो. उन्हाळाभर काही कळत नाही. पहिल्या पावसाळ्यात कळते.

म्हणून मुख्य गवंडी प्रत्येक घाणा, म्हणजे एका वेळी मळलेला चुना, जिभेवर घेऊन बघायचा. शितावरून भाताची परीक्षा तशी ही बोटभर चुन्यावरून भिंतीची. आडबंदरचा मुख्य गवंडी होता धाकू. त्याने बोटाचे टोक जिभेला लावावे, "अळणी आसा, लावा" म्हणावे, आणि मगच चुना परांचीवर चढावा. त्याची जीभ कधी चुकली नव्हती म्हणतात. आणि ती चुकू नये याचीही सोय राजाने करून ठेवली होती. नव्या बुरजावर पहिला पावसाळा पहाऱ्याला बसायचे ते बांधणाऱ्याच्या घरातल्याच माणसाने. बुरूज टिकला तर तो माणूसही टिकेल. एवढी पक्की हमी कागदावर कोण देणार?

धाकूच्या घरात त्याच्याखेरीज माणसे तीन. मुलगा रवळू परांचीवर दगड बसवायचा. सून भानी हौदातले पाणी घागरीने घाणीपर्यंत वाहायची. तिसरी म्हणजे भानीची चार महिन्यांची मुलगी. सासू बाळंतपणाआधीच वारली होती, म्हणून भानी पोरीला घाणीमागच्या झावळ्यांच्या झापाच्या सावलीत झोळीत टांगून कामावर यायची.

पश्चिमेचा बुरूज त्याच्या कमरेपर्यंत, म्हणजे निम्मा, वर आला आणि वैशाखात किनाऱ्यावरचा झरा आटला. नुसता बारीक धागा उरला. परक्यांचे आरमार पावसाळा सरला की येणार अशी खबर होती, त्यामुळे मृगाआधी बुरूज पुरा झालाच पाहिजे होता. मग किल्लेदाराने हुकूम काढला. चुन्याचे पाणी जेवढे लागेल तेवढे, त्याला हात लावायचा नाही. माणसांना दिवसाला एक तांब्या. जो काम करतो त्याची एक असामी. झोळीतले पोर काम करत नाही, आणि पाणीही पीत नाही, म्हणून त्याची गणती नाही.

या किल्लेदाराचे नाव कोणी लक्षात ठेवलेले नाही. विचारले तर लाडूआजो थुंकतात आणि म्हणतात, ठेवायचे तरी कशाला? एवढे मात्र पक्के सांगतात की त्या दिवसांत त्याच्या घोडीला एकदाही तहान सोसावी लागली नाही.

तापलेल्या खडकावर, वैशाखाच्या उन्हात, अंगावर पाजणाऱ्या बाईला एक तांब्या. चौथ्या दिवशी भानीचे दूध आटले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पोर आधी रडरड रडली, मग कण्हू लागली, आणि पुढे तर कण्हणेही थांबले. रवळूने आपल्यातला अर्धा तांब्या बायकोला दिला. दुसऱ्या दिवशी परांचीवर त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि शेजारच्याने काष्टा धरला म्हणून तो वाचला. त्यानंतर भानीने नवऱ्याचे पाणी घेतले नाही. माझे पोट भरलेय, असे ती त्याला खोटेच सांगायची.

आणि दिवसभर तिच्या डोक्यावर गोड्या पाण्याची घागर असायची.

सहाव्या दिवशी घाणीमागे ती थांबली. पोरीने डोळे वर फिरवले होते. भानीने घागर खाली ठेवली, तोंड लावले आणि अर्धी घागर संपवेपर्यंत उचलले नाही. पदराचे टोक भिजवून पोरीच्या ओठांवर पिळले. मग खडकातल्या डबक्यात भरतीचे पाणी साचलेले होते, त्यातून तिने घागर पुन्हा काठोकाठ भरली आणि घाणीत नेऊन ओतली.

 त्या बुरजावर पावसाळाभर आपला नवरा बसणार आहे, हे तिला ठाऊक होते. तिने मनाला समजावले, एवढ्या मोठ्या बुरजात अर्ध्या घागरीचे काय? तिचे मन तिला खाऊ लागले होते, पण पोर उद्यापर्यंत जगायला हवी होती.

धाकू आला. त्याने घाण्यातून बोटभर चुना उचलला, जिभेला लावला. भानी घागर धरून तिथेच उभी राहिली. म्हाताऱ्याने नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ घेतला. एकदा घागरीकडे पाहिले, एकदा झोळीकडे. झोळीतून त्या दिवशी बऱ्याच वेळाने रडण्याचा आवाज येत होता.

"अळणी आसा," तो म्हणाला. "लावा."

भानीला वाटले, देवाने झाकले. दुसऱ्या दिवशी तिने तेच केले, तिसऱ्या दिवशीही. असे नऊ दिवस. नऊ दिवस म्हाताऱ्याने चुना चाखला आणि नऊ दिवस तो अळणी निघाला. तिला पान्हा फुटला. दहाव्या दिवशी वळवाचा पाऊस धो धो कोसळला, हौद भरले, माणसांनी तोंडे वर करून पाणी पिऊन घेतले. त्यानंतरचा सगळा चुना खरोखरच गोड्या पाण्याचा होता. मृगाच्या आदल्या दिवशी बुरूज पुरा झाला.

पहाऱ्याला बसायची वेळ आली तेव्हा धाकू किल्लेदाराकडे जाऊन म्हणाला की मी बसतो. घरातला माणूस पाहिजे ना, मग मी घरातलाच. लोकांना नवल वाटले. तरणाताठा मुलगा असताना म्हातारा भर पावसात कशाला बसतो?  आषाढ संपत आला तरी तो बुरजावरून हलत नव्हता. झोपायचा तिथेच. भानी त्याची पेज पायथ्याशी घेऊन जायची आणि वर हाक मारायची. तू वर येऊ नको, पोरीला तर मुळीच आणू नको, अशी त्याची सक्त ताकीद होती. सासऱ्याची माया, असे तिला वाटायचे.

आषाढी अमावास्येचे उधाण सकाळपासून भरायला लागले. लाटा तटावरून आत येत होत्या. म्हातारा दोन दिवस तापाने फणफणला होता. रवळूला ते बघवेना. तो बुरजावर चढला आणि त्याने बापाला जवळजवळ उचलूनच खाली आणले.

"बाबा, पेज निवत इली. जावा तुमी. मी बसतंय."

धाकू त्याचा हात सोडीना. रवळू हसला, हात सोडवून घेतला आणि वर गेला. वर आणखी चार शिपाई होते. म्हाताऱ्याने झापात येऊन पेजेचे भांडे तोंडाला लावले असेल नसेल, तेवढ्यात बुरूज गेला. पायापासून नाही गेला, वरूनही नाही ढासळला. बरोबर कमरेत मोडला, आणि वरचा सगळा भार पाच माणसांसकट दर्यात उतरला. रवळू सापडला नाही. बाकीच्यांतही दोघेच सापडले.

दुसऱ्या दिवशी किल्लेदाराने सगळ्यांना मोडलेल्या बुरजापाशी उभे केले. कमरेपाशी उघडा पडलेला चुना बोटाने खरवडला तरी गळत होता. त्याने तो जिभेवर घेतला आणि थुंकला.

"हा चुना कोणी पारखला?"

"मी चाखलंय," धाकू म्हणाला. "म्हातारपण. जीभ फसली माजी."

भानी पोरीला छातीशी धरून घोळक्यात उभी होती. सांगावे, तर पोरीला कोण पाजणार? न सांगावे, तर डोळ्यांदेखत सासरा जातो. नवरा गेला होता आणि तिला मोकळेपणी रडताही येत नव्हते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तिने ओठ उघडले, तेवढ्यात धाकूने तिच्याकडे असे पाहिले की ते आपोआप मिटले.

किल्लेदार म्हणाला, फसलेली जीभ काय कामाची? त्याने कळीचा चुना मागवला. न विझवलेला. धाकूच्या तोंडात तो चुना भरून वर पाणी ओतले, असे सांगतात. 

म्हातारा मेला नाही. भानीने त्याला महिनाभर चमच्याने पेज भरवली. या काळात दोघांत एक शब्दही झाला नाही. त्याला बोलता येत नव्हते, आणि तिला बोलायचे धाडस नव्हते. आपल्या पापाची शिक्षा या माणसाने स्वतःची चूक समजून भोगली, असे तिला वाटत होते, आणि ते वाटणे तिला पोखरत होते.

नारळी पौर्णिमा झाली. बुरूज पुन्हा उचलायचा हुकूम आला. वरचा काळा दगड दर्यात गेला होता, म्हणून किनाऱ्यावरून जांभा आणला. पण दुसरा गवंडी त्या जागी हात लावायला तयार होईना, आणि किल्लेदाराला झक मारत धाकूलाच बोलवावे लागले. धाकू काठी टेकत आला. पहिल्या होडीतून पाण्याच्या घागरी उतरल्या, त्यांतली एकही त्याने घाणीकडे जाऊ दिली नाही. कामावरच्या प्रत्येक माणसाला, बाईला त्याने आपल्या हाताने पाणी पाजले. किल्लेदार बघत राहिला. बुरूज हवा होता, त्यामुळे त्याने अडवले नाही. तेव्हापासून 'आधी घोट, मग कोट' ही म्हण आडबंदरात पडली.

मग चुना मळून झाला. सवयीने सगळे धाकूकडे बघू लागले. त्याने बोटभर चुना उचलला आणि तो तसाच घेऊन घाणीमागे गेला. तिथे भानी पोरीला पाजत बसली होती. त्याने बोट तिच्यापुढे धरले.

"चाख," तो म्हणाला. महिन्याभरात त्याच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द होता, आणि तो शब्द आहे हे समजायलाही तिला वेळ लागला.

"माका काय कळता त्यातला, मामंजी?"

भाजलेल्या जिभेने एकेक अक्षर जुळवत म्हातारा बोलला. "त्या दिसांत चुनो खारो होतो. नऊ दिस. माका ठावक होता."

 बुरजावर तो का बसून राहिला, आपल्याला वर का येऊ दिले नाही, मुलाचा हात का सोडत नव्हता, सगळे एकदम भानीच्या लक्षात आले.

"मगे सांगलात नाय कित्याक?"

धाकूने पोरीकडे पाहिले. ती डोळे मिटून चुटूचुटू पीत होती.

"चेडवाक तान लागलेली," तो म्हणाला.

भानी ओक्साबोक्शी रडली. मग तिने चुना जिभेवर घेतला. जीभ पोळली, पण मिठाची चव नव्हती. तिने बाहेर येऊन 'अळणी आसा, लावा' असे सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितले. त्या दिवसापासून बुरूज पुरा होईपर्यंत प्रत्येक घाणा तिने चाखला, आणि पुढे मरेपर्यंत आडबंदरात जिथे जिथे भिंत उठली तिथे तिला बोलावणे गेले. तिच्यामागे तिची मुलगी जाऊ लागली. कोट पडला, राज्ये बदलली, किल्लेदाराच्या वाड्याचे जोतेही दाखवता येत नाही, पण जांभ्याचा तो भाग अजून पावसाळे खातो आहे.

आजही आडबंदरात घर बांधायला काढले की पहिले पाणी कामकऱ्यांना देतात. आता चुना नाही, सिमेंट आले; तरी पहिला माल गवंडी लगेच कालवत नाही. घरातली सून पुढे येते, कालवायला घेतलेल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावते आणि पाणी अळणी की खारे ते मोठ्याने सांगते. उन्हाळ्यात विहिरींना खारे फुटते, तेव्हा कधी कधी पाणी खारट निघते. मग काम थांबते. खारे पाणी कोणी आणले, हे कोणी विचारत नाही. घरात कोणाला तान लागली आहे, एवढेच विचारतात.