मेंदीचा हत्ती

हातावरची मेंदी ओली आहे, तेव्हा मुठी मिटायच्या नाहीत. पांघरुणाला पुसायची नाही. उताणे पडा बघू. हं, आता ऐका.

एक होता राजा. त्याला बागेचा भारी नाद. पण बाग कशी, तर दोरी लावून आखल्यासारखी. बहाव्याची पाकळी खाली पडली की झाडूवाला धावलाच. मधुमालतीनं कमानीबाहेर डोकं काढलं की कात्री चाललीच. आणि बागेच्या मधोमध होता एक हत्ती. खरा नाही, बरं का. मेंदीची झुडपं दाट लावून, कातरून कातरून केलेला, हिरवागार, सोंड वर केलेला हत्ती.

त्याला कातरायचा तुळाजी माळी. बागेच्या कोपऱ्यात त्याचं खोपट होतं. राजानं त्याला बजावून ठेवलं होतं, "तुळाजी, एक पान रेषेबाहेर दिसलं, तर तू वेशीबाहेर!"

एकदा काय झालं, तुळाजीनं सोंडेला कात्री लावली, तोच हत्ती म्हणाला, "मामा, आज सोंड राहू द्या."

तुळाजीची कात्री पायावर पडता पडता राहिली. "का रे बाबा?"

"शेंड्याला हुळहुळतंय. दर वेळी तुम्ही नेमकं तेवढंच छाटता."

तुळाजीनं घरी जाऊन बायकोला सांगितलं. ठकूबाई म्हणाली, "हत्ती बोलतो म्हणे! फिरा अजून उन्हात पागोटं न घालता."

पण त्यानं सोंड राहू दिली. मग राजा आला. "सोंड का वाढली?"

"महाराज, हत्ती तरणा आहे, वाढणारच."

राजा हसला.

मग काही दिवसांनी हत्ती म्हणाला, "मामा, कानही राहू द्या." कानही राहिले.

राजा म्हणाला, "आणि हे कान?"

"तुमची आज्ञा नीट ऐकू यावी म्हणून, महाराज."

या वेळी राजा हसला नाही.

मग हत्ती म्हणाला, "मामा, आता पाठ."

तुळाजी खालीच बसला. पाठ गेली की हत्ती गेला. हत्ती गेला की खोपट गेलं. त्यानं एक शेंडा हातात घेऊन पाहिला. टोकाला बारीक बारीक दाणे धरले होते. आजवर असे किती दाणे आपण पाटीत भरून टाकले असतील, कोण जाणे. त्यानं कात्री कमरेला खोचली आणि उठला.

राजा आला. "माझा हत्ती कुठंय? हे तर नुसतं झुडूप!"

या वेळी तुळाजीनं कमरेची कात्री काढून राजापुढं ठेवली. मग काय! गाठोडं बांधलं आणि दोघं नवरा-बायको वेशीबाहेर जाऊन बसली.

उजाडलं. धप्, धप्, धप्! ठकूबाई ओरडली, "अगं बाई, खरंच की हो!" पायाला माती, मागे मुळं लोंबताहेत, असा हत्ती चालत आला. वेशीशी टेकून बसला आणि म्हणाला, "इथं कोण आणतंय कात्री?"

आणि मग तो फुलला. इवली इवली, सायीच्या रंगाची फुलं, घोसच्या घोस. वास असा सुटला, की वेस ओलांडून थेट राजाच्या पलंगापाशी गेला. राजा उठला आणि वासामागं अनवाणी वेशीपर्यंत आला.

"कसला रे हा वास?"

"तुमच्याच हत्तीचा, महाराज."

"लहानपणापासून बघतोय मी याला. याला फुलं येतात, हे कुणी सांगितलं नाही मला!"

तुळाजी म्हणाला, "मलाही कुठं ठाऊक होतं, महाराज? मी कापतच होतो."

राजानं एक घोस ओढून नाकाशी धरला. मग म्हणाला, "चल घरी. आणि बागेत ज्याचा बहर असेल, त्याला तो सरेपर्यंत कात्री लावायची नाही."

तुळाजी आणि ठकूबाई खोपटात परतली. बहाव्याखाली पिवळा सडा पडू लागला. मधुमालती कमान सोडून वाड्याच्या गच्चीवर चढली. हत्ती मात्र वेशीवरच राहिला. नागपंचमी आली की साऱ्या पोरी त्याचा पाला न्यायला यायच्या, आणि राजा त्याच्या सावलीत बसून असायचा. सगळी सुखात राहिली.

हुंगा बघू तळहात. हा पानांचा वास. फुलांचा याहून गोड असतो. आता मिटा. मुठी नाही गं, डोळे.