बेहड्यावर जागा नाही

“आणि दिवसभर ती ठकठक कोणी ऐकायची?” पोपटीण म्हणाली. “माझी पिल्लं आत्ता कुठं डोळा मिटायला लागलीत.”

“ठकठक तर मी एरवीही करतेच की,” सुतारीण म्हणाली. “रोज उजाडताना येते, मावळताना जाते. तेव्हा नाही वाटतं त्यांची झोप मोडत?”

“ते काम झालं. राहणं वेगळं.”

मुलांनो, हे भांडण सकाळपासून चाललं होतं. पण ते समजायला आधी ते झाड बघायला हवं. एका जंगलात, नदीच्या वळणावर, एक बेहडा उभा होता. दहा अस्वलांनी हात धरून फेर धरला असता तरी त्याचं खोड कवेत आलं नसतं. डोंगरावरून उतरणारे ढग त्याच्या शेंड्याला अडून थांबत. खालून वर पाहिलं की बोलणारा बोलायचं विसरून जाई. त्याच्या अंगभर ढोल्या होत्या आणि प्रत्येक ढोलीत कोणी ना कोणी राहत असे. खाली पाणी, वर सावली, शेजारी उंबराचं बन. तिथं राहायला कोणाला नको असेल? म्हणून तिथं राहणाऱ्याला रोज झाडाचा मुखिया असलेल्या धनेश पक्ष्यापुढं पिकल्या उंबरांचा ढीग ठेवावा लागे, आणि तो ढीग दर वर्षी मोठा होत चालला होता. सुतारीण उंबरं गोळा करणार कधी? तिचं पोट किड्यांवर, आणि ते शोधण्यातच तिचा दिवस जायचा. ती सालीखालचे किडे वेचून झाड निरोगी ठेवायची, आणि झोपायला मात्र तीन टेकड्यांपलीकडं, माळावरच्या बाभळीत जायची.

आता तिची अंडी घालायची वेळ आली होती. तिनं मागितलं तरी काय? उत्तरेकडची वठलेली फांदी. त्या फांदीकडं कोणी ढुंकून पाहत नव्हतं. ढोली माझी मी कोरीन, म्हणाली. पण बेहड्यावरचा नियम असा, की नवी ढोली कोरायची तर आधीच ढोली असलेल्यांनी होकार द्यायचा. ज्यांना घर आहे त्यांनी ठरवायचं, बिनघराच्याला घर मिळावं का. असले नियम कोण करतं, ते मी सांगायला नको.

“आज एक ढोली, उद्या दहा होतील,” पिंगळा डोळे वटारून म्हणाला. “झाडाची शोभा काय राहील?”

“मामा, तुम्ही दिवसभर झोपता. शोभा बघता कधी?” सुतारीण म्हणाली.

धनेश आपल्या ढोलीच्या तोंडाशी बसला होता. आत त्याची बायको होती. धनेशांची रीतच तशी. अंडी घालायच्या वेळी मादी ढोलीत शिरते, चिखलानं दार लिंपून घेते, पंखांची पिसं गाळून टाकते आणि पिल्लं मोठी होईपर्यंत आत बसून राहते. चोचीपुरती फट ठेवतात, तिच्यातून नवरा फळं भरवतो. ती भिंत मध्येच फोडल्याचं त्या जंगलात कोणी ऐकलेलं नाही.

“बाई, तुझ्या कामाबद्दल कोणाची तक्रार नाही,” धनेश म्हणाला. “माळावर जागा मुबलक आहे. तिथंच संसार थाट आणि येत जा रोजच्यासारखी.”

“माळावर धामण आहे, धनेशराव,” सुतारीण म्हणाली. “गेल्या वर्षी मी आणि माझा नवरा अंडी तिथं ठेवून तुमच्या फांद्या साफ करायला आलो. परत गेलो तेव्हा ढोली रिकामी होती. यंदा अंडी सोडून मी येणार नाही.”

मग धनेशानं नियमाप्रमाणं सांगितलं, “ज्याचा होकार असेल त्यानं पंख उचलावा. तोवर कोणी चोच उघडायची नाही.”

एकही पंख उचलला गेला नाही.

सुतारणीची चोच सकाळपासून थांबलेली होती. आता बाकीच्यांच्याही थांबल्या. एवढी शांतता त्या बेहड्यावर कधी कोणी ऐकली नव्हती. आणि त्या शांततेत, खोडाच्या पोटातून, एक आवाज वर आला. कर्र. कर्र. कर्र. एका जागेहून नव्हे. मुळापासून शेंड्यापर्यंत, हजारो बारीक तोंडं लाकूड चावत होती. पोपटिणीनं ढोलीच्या भिंतीला कान लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. पिंगळ्याचे डोळे होते त्याहून मोठे झाले. ढग अडवणारं ते झाड, आणि ते आतून खाल्लं जात होतं. आणि इतकी वर्षं ते खाणं थोपवून धरलं होतं या ओंजळीत मावणाऱ्या पाखरानं. सगळे तिच्याकडं बघत राहिले, जसे खालून येणारे त्या झाडाकडं बघत. तिला मात्र नवल वाटलं नाही. ती हे रोज ऐकत होती; ऐकल्याशिवाय किडा सापडतो कुठं?

तरी पोपटीण खालच्या आवाजात म्हणालीच, “मग आणखी लवकर येत जा ना. राहायला कशाला हवं?”

“तेच म्हणतो मी,” पिंगळा म्हणाला. “जागा तर नाहीच.”

तेव्हा चिखलाच्या भिंतीच्या फटीतून एक चोच बाहेर आली. धनेशीण आत सगळं ऐकत होती, हे बोलण्याच्या भरात सगळे विसरले होते.

“पोपटीणताई, तुमच्या पिल्लांची झोप मोडते म्हणता,” ती म्हणाली. “मी इथं अंधारात, पिसं गळालेली, हे चावणं रात्रभर ऐकते. सकाळी हिची ठकठक सुरू झाली, की मगच माझा डोळा लागतो.” मग ती नवऱ्याकडं वळली.

“अहो, बेहड्यावर जागा नसेल तर ही भिंत फोडा आणि तिला आत घ्या, मी सरकून बसते.”

तात्पर्य : आपली वस्ती ज्यांच्या कष्टावर उभी असते, त्यांना त्याच वस्तीत परवडेल असं घर मिळालं पाहिजे, आणि जागा नाही असं म्हणण्याआधी आपण स्वतः किती सरकलो, ते बघावं.